ऑपरेशन पोटाचं, तयारी सांध्यांची

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून बाहेर येणारा फुगवटा, आणि ऑपरेशनमध्ये तो बहुधा जाळी बसवून दुरुस्त करतात. आज त्या ऑपरेशनचा विचार संधिवात असलेल्या माणसाच्या बाजूने करू. गुडघे धरलेले, बोटं सुजलेली, मान वळत नाही, अशा अवस्थेत "हे आपल्याला झेपेल का?" हा प्रश्न हमखास येतो. बहुतेकांना झेपतं. जांघेच्या हर्नियाचं साधं ऑपरेशन तासाभराचं असतं आणि पुष्कळांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. अडचण सुरू होते ती घरी आल्यावर. गुडघे दुखणारा माणूस उठताना दात-ओठ खातो, पोट आवळतो, श्वास रोखतो. वर्षानुवर्षांची सवय असते ती, आणि ताज्या टाक्यांवर नेमका त्याचाच ताण येतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की, तारीख ठरली की त्याच दिवसापासून उठण्या-बसण्याची तालीम सुरू करा. ऑपरेशननंतर दुखऱ्या पोटाने नवी पद्धत शिकणं फार जड जातं.

खाटेवरून उठण्यापासून सुरुवात करा. पाठीवर असताना सरळ उठून बसायचं नाही. गुडघे जमतील तेवढे वाकवा, खांदा आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या. पाय कडेबाहेर सोडा. पाय खाली जात असतानाच खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबा आणि तोंडाने सावकाश श्वास सोडत बसते व्हा. मनगट सुजलं असेल तर तळवा टेकू नका. कोपरापासून मनगटापर्यंतचा अख्खा हात टेकवा. बसल्यावर क्षणभर थांबा, पावलं वर-खाली हलवा, मगच उभे राहा. कमी दुखणारा खांदा ज्या बाजूला, त्याच कुशीवरून उठणं सोपं जातं. घरातली खाट नेमकी त्याच बाजूने भिंतीला लागलेली असेल, तर ती आधीच फिरवून घ्या. हॉस्पिटलमध्येही सिस्टरना ही बाजू सांगून ठेवा.

खुर्ची हातांची आणि उंच हवी, बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. पुढे सरका, पावलं मागे घ्या, श्वास सोडत उठा. मांडीला बळ यावं म्हणून पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती पाच सेकंद दाबा आणि सोडा. श्वास मात्र चालू ठेवा. वॉकर किंवा काठी लागणार असेल तर ती आधीच आणून उंची जुळवून घ्या.

घरात उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवाच. कुंथणं हा टाक्यांचा मोठा शत्रू आहे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं. भरपूर पाणी, फळं-पालेभाज्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू असू दे. जुना खोकला असेल किंवा लघवीला जोर करावा लागत असेल, तर त्यावरही आधी उपचार घ्या.

आता भूल. "मला संधिवात आहे" एवढं भूलतज्ज्ञांना पुरत नाही. कुठले सांधे, किती वळतात, हे दाखवावं लागतं. आमवात जुना असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल झालेला असू शकतो. पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे न्यावी लागते, आणि अशा मानेत तेव्हा मज्जारज्जूला धोका पोचू शकतो. म्हणून मान दुखते का, हातांना मुंग्या येतात का, हे आपणहून सांगा. गरज वाटल्यास मान वाकवून एक्स-रे काढतात. जबडा पुरता उघडत नसेल तर तेही सांगा. पाठ ताठर असेल तर कण्यातून भूल देणं अवघड जातं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला सहसा पूर्ण भूल लागते. उघड्या पद्धतीचं मात्र अनेकदा जागा बधिर करूनही होतं. तेव्हा "माझ्या मानेला आणि पाठीला कुठली पद्धत सोयीची?" हे विचारण्यात संकोच नको. टेबलावर घेताना, जागे असतानाच, पाय कुठपर्यंत सरळ होतो ते दाखवा आणि गुडघ्याखाली उशी मागा.

औषधांचा विषय सर्वांत नाजूक. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते बहुधा चालूच ठेवतात. बायोलॉजिक इंजेक्शनांचा डोस मात्र ऑपरेशनची तारीख पाहून पुढे ढकलतात. स्टेरॉइड एकाएकी बंद करणं घातक ठरू शकतं. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवू नका. आणि एक गोष्ट लाज न बाळगता सांगा: सांधेदुखीवर कुणाकडून आणलेल्या पुड्या. अशा काही पुड्यांमध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. ते दीर्घकाळ पोटात गेलं असेल, तर ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब घसरू शकतो आणि जखमही उशिरा भरते. पुडी बरोबर घेऊनच जा.

बोटं सुजलेली असतील तर अंगठी आठवडाभर आधीच काढा. उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळा. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. तंबाखू-विडी निदान चार आठवडे आधी बंद हवी.

सांधे फारच भडकलेले असतील तर थोडं थांबता येतं का, हे सर्जनना विचारा. फारसा त्रास नसलेला जांघेचा हर्निया पुरुषांमध्ये काही काळ नुसता नजरेखाली ठेवता येतो. स्त्रियांमध्ये, विशेषतः मांडीच्या मुळाशी फुगवटा असेल तर, थांबण्याचा सल्ला सहसा देत नाहीत, कारण तिथे आतडं अडकण्याची भीती जास्त.

आणि तयारी चालू असतानाच फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखणं वाढत गेलं, उलट्या सुरू झाल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. तो दाबून आत घालायचा प्रयत्न करू नका, काही खाऊ-पिऊ नका, औषधांची यादी आणि मानेचा एक्स-रे असलेली फाइल उचला आणि त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.