आत्मनिरीक्षण व माहिती तंत्रज्ञान

स्वतःचे विचार, भावना व वर्तन यांकडे जाणीवपूर्वक पाहण्याच्या क्रियेस आत्मनिरीक्षण म्हणतात. व्हिल्हेल्म व्हुंट (१८३२–१९२०) यांनी १८७९ मध्ये लाइपसिक येथे स्थापिलेल्या प्रयोगशाळेत या क्रियेचा मानसशास्त्रीय पद्धती म्हणून वापर झाला. दैनंदिनी हे तिचे जुने साधन होय. जेम्स पेनेबेकर व सँड्रा बीऑल यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आघातकारक प्रसंग व त्यासंबंधीच्या भावना यांविषयी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहिणाऱ्यांना पुढील काही महिन्यांत वैद्यकीय उपचारांची गरज कमी भासल्याचे आढळले.

गत मनःस्थितीची आठवण सद्यःस्थितीने रंगलेली असते. भ्रमणध्वनीवर तत्क्षणी केलेली नोंद हा दोष पुष्कळसा टाळते. झोप, दिनक्रम व मनःस्थिती यांच्या नोंदी आलेखरूपाने एकत्र पाहिल्या असता अपुरी झोप व चिडचिड यांसारखे संबंध ध्यानी येतात. तथापि असा संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

वऱ्हाडात या विषयास विशेष महत्त्व आहे. नापिकी व कर्जबाजारीपणा यांमुळे येथील कास्तकार मोठ्या ताणाखाली असतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत राबविण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेले. सेवा गावापर्यंत पोहोचली व कोणी आपुलकीने विचारपूस केली, तर माणसे मन मोकळे करतात, असे यावरून दिसते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेमुळे बाळापूर तालुक्यातील खेड्यातूनही १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य समुपदेशन मिळू शकते. त्यासाठी अकोल्याची फेरी करावी लागत नाही.

या साधनांना मर्यादाही आहेत. सतत मोजमाप केल्याने स्वतःविषयीची चिंता वाढू शकते. घरात एकच भ्रमणध्वनी असल्यास, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, नोंदींची गुप्तता राहत नाही. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय अधिनियम संमत झाला. तरीही नोंदी कोठे साठविल्या जातात व कोण पाहू शकतो, हे वापरणाऱ्याने जाणून घेणे इष्ट ठरते. आत्महत्येचे विचार येत असल्यास यांत्रिक नोंदींवर विसंबून न राहता आप्तांशी व तज्ञाशी तत्काळ बोलणे आवश्यक असते.