ऊन पडलं? कॅमेरा आत ठेवा!

निळंशार आकाश, पांढरी वाळू, हातात शहाळं... असा फोटो तुमच्या डेस्कटॉपवर असेल तर खुशाल असू द्या. पण फोटोग्राफीचं खरं वेड लागलेल्या मंडळींचा जीव अडकलाय तो नेमका उलट जागी. फॅरो आयलंड्समध्ये! आइसलंड आणि नॉर्वेच्या मधे, उत्तर अटलांटिकमधली ही १८ बेटं. डेन्मार्कच्या राज्यात, पण कारभार बराचसा स्वतःचा. माणसं साधारण ५५ हजार, मेंढ्या त्याहून जास्त. झाडं जवळपास नाहीतच.

मग आहे काय? दगड आणि धुकं. साडेपाच ते सहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले, पुढे हिमनद्यांनी ते कापून काढले. म्हणून डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचे कडे. ओळखीचं वाटतंय ना? आपला सह्याद्रीही याच जातकुळीतला, बेसॉल्टचा. वयाने थोडा थोरलाच. त्यामुळे जुलैत हरिश्चंद्रगडावर कॅमेरा घेऊन भिजणाऱ्यांची निम्मी प्रॅक्टिस घरच्या घरी झालेली असते.

धुक्यात गंमत अशी की, जवळचा कडा काळाकुट्ट, मागचा करडा आणि त्यामागचा नुसता भास. बस्स, फोटोला खोली आली. कॅमेऱ्याचा मीटर मात्र इथे गंडतो. धुक्याचा पांढरेपणा त्याला जास्तीचा उजेड वाटतो आणि फोटो मळकट येतो. म्हणून एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वाढवायचं. ऑटोफोकस चाचपडायला लागला की सरळ मॅन्युअलवर जायचं. ट्रायपॉड शक्य तितका बुटका ठेवायचा, कारण वारा कुणाची गय करत नाही. लेन्स पुसायची फडकी चार तरी हवीत, तीन ओलीच होतात! आणि थांबायची तयारी हवी. दहा मिनिटांपूर्वी गायब असलेला डोंगर अचानक समोर उभा राहतो, तेवढ्यात क्लिक केलं तर केलं.

वागार बेटावरच्या गासादालुर गावाशेजारी मुलाफॉसुर हा धबधबा कड्यावरून थेट समुद्रात कोसळतो. आज तिथे गाडी जाते. पण २००४ च्या सुमारास बोगदा होईपर्यंत पोस्टमनला टपाल घेऊन डोंगर ओलांडून यावं लागायचं. फोटो काढताना हे आठवलं की ती चार घरं नुसती ‘क्यूट’ राहत नाहीत.

याच बेटावरचा सगळ्यात गाजलेला फोटो म्हणजे सोर्वाग्सवात्न तलावाचा. समुद्रावर शेकडो मीटर उंच, अधांतरी टांगलेला तलाव! प्रत्यक्षात तो समुद्रापासून जेमतेम तीस-चाळीस मीटर वर आहे. त्रेलानिपा हा १४२ मीटरचा कडा फ्रेममध्ये पुढे येईल अशा जागी उभं राहिलं की डोळा फसतो. फोटोशॉप नाही, काही नाही, फक्त उभं राहायची जागा. मला विचाराल तर फोटो जरूर काढावा, पण खाली ‘आकाशातला तलाव’ असं लिहून मोकळं होऊ नये. खरी उंची सांगितली तर फोटो उलट जास्त भारी वाटतो.

या एका फ्रेमपायी तिथे एवढी पावलं पडली की वाटा उखडल्या, चिखल झाला. जमीन शेतकऱ्यांची, त्यांच्या मेंढ्यांच्या चरण्याची. मग एप्रिल २०१९ मध्ये फॅरोवाल्यांनी भन्नाट शक्कल लढवली. काही ठिकाणं एका वीकेण्डपुरती ‘मेंटेनन्ससाठी बंद’ केली आणि जगभरातून शंभर स्वयंसेवक बोलावले. काम करा, राहणं-खाणं आमच्याकडे! आता त्रेलानिपाच्या वाटेवर पैसे मोजावे लागतात. कुरकुर नको, आणि आखलेली पायवाट सोडून ‘अजून थोडं कडेला’ तर अजिबात नको. ओलं गवत आणि वारा, दोन्ही बेभरवशाचे.

जायचंच ठरवलंत तर एक लक्षात ठेवा. फॅरो शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे डेन्मार्कचा व्हिसा काढतानाच त्यावर फॅरोचा वेगळा उल्लेख करून घ्यायचा. विमान कोपनहेगनहून. आणि धुक्यामुळे तेही लेट होऊ शकतं, तेव्हा परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात मीटिंग लावू नका.