गाडी पायाचे ऐकेनाशी होते तेव्हा

पणजीहून बेळगावकडे येताना चोर्ल्याचा घाट चढावा लागतो. अशा चढावर ॲक्सिलरेटर दाबूनही मोटार वेग घेईनाशी झाली, म्हणजे चालक बहुधा पेडल अधिकच जोराने दाबू लागतो. घोड्यास टाच मारली तर तो पळेल. यंत्राचे तसे नाही. यंत्र अडले तर ते कोठे अडले हे शोधावे लागते. हा शोध कसा घ्यावा, याचा विचार आपण येथे पेट्रोलच्या गाडीपुरता करू.

ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्या पेडलाने प्रथम उघडते ती हवेच्या वाटेवरील एक झडप. हवा जितकी आत येईल, त्या मानाने पेट्रोल मागून येते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. याचा अर्थ, एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा खर्ची पडते! तेव्हा पायापासून चाकापर्यंत एक साखळीच आहे: पेडल, झडप, हवा व पेट्रोल, ठिणगी, क्लच, गिअर आणि शेवटी चाक. यांपैकी एक कडी निखळली तरी पायाचा हुकूम चाकापर्यंत पोहोचत नाही.

आता परीक्षेचा पहिला प्रश्न असा: गाडी चालत असता पेडल दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो की नाही? या एका प्रश्नाने साखळीचे दोन भाग पडतात.

आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, असे असेल तर इंजिन निर्दोष असून दोष पुढे आहे. ओल्या हाताने बरणीचे झाकण फिरवू लागलो, तर हात फिरतो आणि झाकण जागच्या जागी राहते. क्लचची चकती झिजली म्हणजे नेमके हेच होते. सोबत करपल्यासारखा वास येत असेल, तर शंकेस जागाच उरत नाही.

आवाजच वाढत नसेल, तर दोष अलीकडे आहे. गाडी थांबवून, इंजिन बंद करून प्रथम पायाखाली पाहावे. सरकलेले पायपुसणे पेडलाखाली अडकल्याने ते पुरते दबत नाही, असे पुष्कळदा घडते. जुन्या गाड्यांत पेडलापासून झडपेपर्यंत तार असे. ती तुटली की पेडल सैल पडे. आजच्या बहुतेक गाड्यांत ती तार नाही. पेडलापाशी दोन संवेदक असतात व ते पाय किती दबला हे विजेच्या खुणेने संगणकास कळवितात. दोघांची साक्ष जुळली नाही, तर संगणक कोणावरच विश्वास ठेवीत नाही. समोरचा इंजिनाच्या आकृतीचा दिवा लावून तो इंजिनाची शक्ती मर्यादित ठेवतो. गाडी अकस्मात उधळण्यापेक्षा ती मंद चाललेली बरी, हा त्यामागील हेतू होय. हवेच्या झडपेत दोष आढळला तरीही तो असाच वागतो. अशा वेळी दोषाची नोंद संगणकात राहते, आणि मिस्त्री ती उपकरणाने वाचू शकतो.

दिवा लागला नाही, सपाटीवर गाडी ठीक चालते, परंतु चढावर गचके देते, असे असल्यास पेट्रोलचा किंवा हवेचा फिल्टर तुंबला असावा, अथवा पेट्रोल ओढणारा पंप अशक्त झाला असावा. सपाटीवर इंजिनाची भूक थोडी असल्याने उणीव झाकली जाते; चढावर ती भूक कितीतरी वाढते, आणि मग उणीव उघडी पडते.

परंतु या साऱ्या चिकित्सेपूर्वी एक कर्तव्य आहे. गाडी पायाचे ऐकत नाही असे दिसताच उरलेल्या वेगाचा उपयोग करून ती रस्त्याच्या डाव्या कडेस घ्यावी. धावत्या गाडीचे इंजिन बंद करू नये. तसे केल्यास स्टिअरिंग जड होते व थोड्याच वेळात ब्रेकही कठीण लागतो. थांबल्यावर हातब्रेक ओढावा, चारही इशारादिवे लावावेत, चढ असल्यास चाकामागे मोठा दगड लावावा. मुलांना व वडीलधाऱ्यांना रहदारीपासून दूर उभे करावे. घाटात बिघडलेल्या गाडीपेक्षा मागून वेगाने येणारी गाडी अधिक घातक असते.

दुरुस्ती मिस्त्रीनेच करावी, हे उघड आहे. तथापि आवाज चढत होता की नाही, दिवा लागला होता की नाही, दोष चढावर दिसला की सपाटीवर, या तीन गोष्टी त्यास नेमक्या सांगता आल्या, तर त्याचे श्रम आणि आपले पैसे दोन्ही वाचतात. विद्यार्थिमित्रांनो, भूमितीचा प्रश्न सोडविताना आपण एकेक पायरी क्रमाने चढतो. अडलेल्या मोटारीपुढेही तोच क्रम राखावा, एवढेच आमचे सांगणे आहे.