पवनेच्या काठचा मुक्काम

बोरघाटाच्या माथ्यावर वसलेल्या लोणावळ्याची कीर्ती चिक्की, धुके आणि धबधबे यांवर उभी असली, तरी शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून तेथे लोटणाऱ्या गर्दीचा एक मोठा ओघ अलीकडे गावात न थांबता दक्षिणेकडे, पवना धरणाच्या जलाशयाकडे वळतो, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास त्या काठावर तंबूंच्या रांगाच्या रांगा उभ्या राहतात. ज्याने जन्मात कधी उघड्या आकाशाखाली रात्र काढली नाही, त्याला एकदा तरी तो अनुभव घ्यावासा वाटावा, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते. पण त्या अनुभवाचा प्राण काळोखात आणि निःशब्दतेत आहे, आणि ध्वनिवर्धक व दिव्यांच्या माळा बरोबर नेणारा मनुष्य त्या दोहोंनाही मुकतो, इतकेच नव्हे तर शेजारच्या तंबूतल्यांनाही मुकवतो.

या मुलुखाला मुक्कामाची सवय फार जुनी आहे. कोकणातील बंदरांतून घाटमाथ्यावर येणारा व्यापार याच वाटेने चाले, आणि कार्ले, भाजे, बेडसे येथील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू राहत. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे आजही वाचता येतात. पुढे याच वाटांच्या बंदोबस्तासाठी लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले नांदते राहिले. त्यांपैकी लोहगडाची गणना 2025 साली जागतिक वारसास्थळांत झाली.

तंबूची जागा निवडणे हे या विद्येतील पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. अगदी पाण्याला लागून तंबू ठोकण्याचा मोह बहुतेकांना होतो. परंतु हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि नेमकी काठच्या खोलगट भागात साचते, म्हणून काठापासून थोड्या उंचीवरची सपाट जागा अधिक उबदार आणि कमी दवाची असते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात किंवा वठलेल्या फांदीखाली कधीही झोपू नये. थंडीच्या भयाने तंबूची सगळी झडपे लावून घेतली, तर श्वासातील बाष्प आतल्या कापडावर साचून पहाटे अंथरूण ओले होते. तेव्हा वाऱ्याला वाट ठेवावीच.

आणि येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. संध्याकाळी ज्या कोळशावर मांस किंवा पनीर भाजले जाते, त्याची सिगडी उबेसाठी तंबूत नेणे प्राणघातक आहे. बंदिस्त जागेत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातील प्राणवायूची जागा तो इतक्या अलगद घेतो, की झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. विझल्यासारखे दिसणारे निखारेही याला अपवाद नाहीत. पाण्याचीही भीड बाळगावी. 2024 च्या जूनअखेर भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ती घटना लोणावळा अद्याप विसरलेले नाही.

पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जाते, म्हणून काठावर टाकलेली प्रत्येक बाटली आणि उष्ट्याची प्रत्येक पत्रावळ हा लाखो घरांच्या पाण्याचा प्रश्न आहे. शिवाय या जलाशयाखाली पवनमावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे दावे अनेक दशके सरकारदरबारी रेंगाळले. त्यांतल्याच काही कुटुंबांनी उरल्यासुरल्या जमिनीवर तंबूंचा व्यवसाय थाटला आहे. काही ठिकाणी मात्र बाहेरचे भांडवल येऊन मूळ मालक आपल्याच शिवारात चाकरीला राहिला आहे. मुक्कामाची तजवीज करताना जमीन कोणाची आणि पैसा कोणाच्या हाती पडतो, एवढी चौकशी करणे पाहुण्याचे कर्तव्य आहे.

ज्यांना खरा काळोख हवा, त्यांना मी राजमाचीची वाट सुचवीन. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे पंधरा किलोमीटर चालल्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी लागते. तेथे गावकऱ्यांच्या अंगणात मुक्काम आणि चुलीवरची भाकरी, दोन्ही मिळतात. मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत तेथील झाडे काजव्यांनी लखलखतात. नर काजवा आपल्या लुकलुकण्याने मादीला साद घालतो, आणि प्रौढावस्थेचे त्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असल्याने विजेरीच्या किंवा मोटारीच्या झोताने दिपून गेलेली एकेक रात्र त्याला महाग पडते. ओलसर मातीत अंडी घालणाऱ्या माद्या झाडाखालच्या गवतात असतात. म्हणून पायवाट सोडू नये, विजेरी विझवून डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्यावी, आणि शक्य असेल तर शनिवार टाळून, गावात आगाऊ निरोप धाडून, आठवड्याच्या मधल्या वारी तेथे जावे.