शिबिर संपल्यावर कोण येते?

रमजान सुरू झाला की मोहल्ल्यामोहल्ल्यांत खिदमतीच्या कामांना जोर येतो. कुठे इफ्तारची सोय, कुठे रेशनचे किट, आणि अलीकडे मोफत हृदयरोग तपासणी शिबिर. चौकात मंडप, टेबलावर बीपीचे मशीन, मागे आयोजकांच्या फोटोंचा बॅनर. लोक रांगेत उभे राहतात, दंडावर पट्टा आवळला जातो, चिठ्ठीवर आकडा लिहिला जातो : १६०/१००. ‘बीपी जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा,’ असे सांगितले जाते. दुपारी मंडप उतरतो. चिठ्ठी कुर्त्याच्या खिशात राहते आणि कुर्त्याबरोबर धुण्यात जाते.

शिबिर भरवणाऱ्यांच्या नियतीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण आकडा कळला म्हणून रक्तदाब उतरत नाही. त्यासाठी बहुतेकांना रोज गोळी घ्यावी लागते, तीही वर्षानुवर्षे, आणि काहीच दुखत-खुपत नसताना. म्हणूनच हृदयासाठी चाललेल्या कोणत्याही उपक्रमाचे कौतुक करण्याआधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. तपासलेल्यांपैकी किती जण पुढच्या महिन्यात परत आले? आणि त्यांतल्या किती जणांचा रक्तदाब १४०/९०च्या खाली आला?

हा श्रीमंतांचा आजार आहे, असे अजूनही अनेकांना वाटते. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातील ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात निघाले. जवळपास दर सातवा मृत्यू त्यामुळे झाला होता. शेतात राबणाऱ्या, जंगलाच्या कडेने राहणाऱ्या माणसांची ही गोष्ट. आपल्याकडे ज्याला फालिज म्हणतात, त्याच्यामागे बहुतेक वेळा न मोजलेला किंवा अर्ध्यावर सोडलेला रक्तदाब असतो.

यावर काम करणारा एक उपक्रम आपल्याच राज्यात उभा राहिला. आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७ च्या अखेरीस ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू केला. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे आपले जिल्हे त्यात होते. त्यात नवे मशीन नव्हते की महागडे औषध नव्हते. कोणत्या गोळीने सुरुवात करायची आणि रक्तदाब उतरला नाही तर पुढची पायरी कोणती, हे आधीच लिहून ठेवलेले. बहुतेक ठिकाणी पहिली गोळी ॲम्लोडिपिन, जी कुठल्याही मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही. रक्तदाब मोजणे, नोंद ठेवणे हे काम नर्सने करायचे, म्हणजे डॉक्टरांपुढची गर्दी कमी होते. एकदा औषध ठरले की महिन्याच्या गोळ्या घराजवळच्या उपकेंद्रातून मिळाव्यात, कारण तालुक्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. आणि सर्वांत महत्त्वाचे, जो रुग्ण आला नाही, त्याचे नाव यादीत दिसले पाहिजे आणि कुणीतरी त्याच्याकडे गेले पाहिजे.

सप्टेंबर २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्या वेळी आरोग्य मंत्रालयाने दिलेली माहिती बोलकी आहे. देशातल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी जेमतेम १२ टक्क्यांचा रक्तदाब नियंत्रणात होता. या उपक्रमात उपचार घेणाऱ्यांमध्ये मात्र हे प्रमाण जवळपास निम्मे होते.

शेजारच्या देशांतला अनुभवही हेच सांगतो. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांत ‘कोब्रा-बीपीएस’ नावाचा अभ्यास झाला. चाळिशी ओलांडलेले २,६४५ रुग्ण त्यात होते. निम्म्या वस्त्यांत आरोग्यसेविका दर तीन महिन्यांनी घरी जात, मशीनने रक्तदाब मोजत, मिठाबद्दल, तंबाखूबद्दल, गोळ्यांबद्दल घरच्यांशी बोलत आणि गरज असेल त्याला दवाखान्यात पाठवत. पाकिस्तानात हे काम ‘लेडी हेल्थ वर्कर’नी केले. या बायका त्याआधीपासूनच लसीकरण आणि बाळंतपणाच्या निमित्ताने घराघरांत जात होत्या. त्यांच्यासाठी दार आधीच उघडे होते. दोन वर्षांनी या वस्त्यांतला वरचा रक्तदाब इतर वस्त्यांपेक्षा सरासरी पाच अंकांनी जास्त उतरलेला होता. खर्च आला वर्षाला माणशी ११ डॉलरच्या आत. पाच अंक म्हणजे किरकोळ वाटेल. पण अख्ख्या वस्तीचा रक्तदाब एवढा उतरला तर पक्षाघाताचे आणि हृदयविकाराचे कितीतरी झटके टळतात.

कोलंबिया आणि मलेशियातल्या ‘होप-४’ अभ्यासात आणखी एक गोष्ट केली गेली. आरोग्यसेवक आणि मोफत औषधे तर होतीच, शिवाय प्रत्येक रुग्णाने घरातला किंवा ओळखीचा एक सोबती निवडायचा होता. ‘आज गोळी घेतली का?’ हे विचारणे हे त्याचे काम. वर्षभरानंतर तिथे ६९ टक्के रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. आपल्या घरांत हे काम बहुधा सून किंवा नात करतेच. फक्त त्याला कुणी उपचार म्हणत नाही.

आता कौतुकाबद्दल थोडे रोखठोक बोलू. आपल्याकडे हे दारोदारचे काम ‘आशा’ करते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणी फॉर्म तिनेच भरायचा, रक्तदाबाचा रुग्ण निघाला तर त्याचा पाठपुरावाही तिनेच करायचा. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. पण सरकारदरबारी आशा अजून ‘स्वयंसेविका’च आहे. केंद्राने आखून दिलेल्या मोबदल्यात फॉर्ममागे १० रुपये आणि एका रुग्णाच्या सहा महिन्यांच्या पाठपुराव्याला ५० रुपये धरले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना आपल्या मागण्यांसाठी संपावर जावे लागले. ज्या कामावर सगळी योजना उभी आहे, त्याची किंमत महिन्याला आठ-नऊ रुपये ठरत असेल, तर पुरस्काराने तिची भाकरी भाजत नाही.

आणि रमजानचा महिना तर या पाठपुराव्याची परीक्षाच असतो. सकाळची गोळी सहरीच्या गडबडीत राहते, मग ‘ईदनंतर बघू’ म्हणून महिनाभर सुटते. इफ्तारला भजी, समोसे, फरसाण, पापड. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक छोटा चमचा. ते तर दस्तरखानावर पहिल्या दहा मिनिटांतच संपते. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी इफ्तार किंवा सहरीला हलवता येते का, हे अनेकांच्या बाबतीत सहज ठरवता येते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबत मात्र जास्त जपावे लागते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मोहल्ला कमिटीने शिबिर जरूर भरवावे. पण मंडपाच्या पैशांतून थोडे वाचवून एक चांगले बीपी मशीन आणि एक जाड वही घ्यावी. मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटे शांत बसवावे, दोनदा मोजावे, नाव आणि आकडा वहीत लिहावा. आकडा जास्त निघालेल्यांची नावे, त्यांची हरकत नसेल तर, वस्तीतल्या आशाताईंना आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावीत. महिन्यातला एक दिवस ठरवून त्याच जागी पुन्हा बसावे, आणि जो आला नाही त्याच्या घरी एखाद्या पोराला पाठवावे. ईदनंतर, बकरी ईदला, पावसाळ्यात, पुढच्या रमजानपर्यंत. वर्षाअखेरीस बॅनर लावायचाच असेल, तर त्यावर फोटोंऐवजी एक आकडा छापावा : वहीतल्या किती जणांचा रक्तदाब आज १४०/९०च्या खाली आहे.