झिलईचे दोष आणि कारणाचा शोध

कार्य एकच दिसलं तरी कारणं वेगळी असू शकतात. हे आता घरच्या भट्टीत तपासून पाहू.

झिलईवर केसासारखे तडे दिसले की आपण म्हणतो, भट्टी लवकर उघडली. असेलही. पण पुढची भट्टी पूर्ण निवल्यावर उघडली आणि तरीही तडे आले, तर ते कारण गळालं. दोष बहुधा मिश्रणात आहे: निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते, ताणली जाते, तडकते. मग मिश्रणात थोडी सिलिका वाढवून पाहायची.

आणि कपाच्या कडेवरून झिलईच्या कपच्या सुटत असतील तर? तिथे उलट घडतं. माती जास्त आकसते, झिलई दाबली जाऊन उडते. आता सिलिका वाढवली तर दोष वाढेल. हा दोष नुसता दिसण्याचा नाही बरं का. ती कपची म्हणजे काच, चहाबरोबर पोटात जाईल. असा कप वापरायचाच नाही.

नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक तो हाच: कारण असलं की कार्य असतं, नसलं की नसतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत नोंदवायची. दोन एकदम बदलल्या तर कप सुधारेलही. कारण मात्र हाती लागणार नाही.