एका बोटाचा क्लच

बुलेटचा क्लच दाबून ज्यांच्या डाव्या मनगटाला कधी कळ लागली आहे, त्यांना हे पटायला जरा जड जाईल: आजच्या ट्रायल्स मोटारसायकलचा क्लच एका बोटाने चालतो, आणि तोही दिवसभर. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ मध्ये रॉयल एन्फिल्डवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली, तेव्हा त्याच्या हाताखाली साधी तारेची केबलच होती. त्याचे काही अडलेही नाही.

ट्रायल्समध्ये वेगाला मोल नाही. ओढा, चिखल, निसरडी मुळे, घरंगळणारे धोंडे यांतून पाय न टेकता पलीकडे जायचे. एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीन, आणि पडलात किंवा अडकलात तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकतो. ब्रिटनच्या काळात हे सारे जड फ्लायव्हीलच्या भरवशावर चाले. इंजिन धापा टाकत का होईना, गाडी ओढत राही आणि क्लचला हात क्वचित लागे. सॅमी मिलरने १९६५ मध्ये स्पॅनिश बुल्टाकोवर तीच स्पर्धा जिंकली. त्यानंतर हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांचे दिवस आले, पण केबल तशीच राहिली.

क्लचची खरी कसोटी लागली ती जोर्दी तारेसच्या पिढीत. हा कॅटलन पोरगा सायकल ट्रायल्समधून आलेला. एका जागी थांबणे, चाकांवर उड्या मारत दिशा बदलणे या सायकलच्या करामती त्याने मोटारसायकलवर आणल्या आणि १९८७ ते १९९५ या काळात सात जगज्जेतेपदे जिंकली. आता क्लच म्हणजे गिअर बदलायचे साधन राहिले नव्हते, ती गोफण झाली होती. इंजिन चढवून धरायचे, बोट सोडायचे, की गाडी छातीइतक्या कातळावर. असे करायचे तर क्लचने प्रत्येक वेळी लिव्हरच्या नेमक्या त्याच जागी पकड घेतली पाहिजे. केबलला ते जमेना. ती ताणते, तिच्या नळीत चिखल शिरतो, इंजिन तापले की तिचे अंतर बदलते. नव्वदच्या दशकात केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच ट्रायल्समध्ये सर्रास झाला. त्याने प्लेटांची झीजही आपोआप भरून काढली. मात्र केबलने कधीच विचारला नव्हता असा प्रश्न त्याने विचारला: आत काय ओतायचे?

उत्तर मोटारींच्या ब्रेकमधून उसने आले, त्यामुळे जरा मागे जावे लागेल. हायड्रॉलिक ब्रेकच्या सुरुवातीच्या काळात आत चक्क एरंडेल आणि अल्कोहोल असे. सील नैसर्गिक रबराचे होते आणि खनिज तेलात ते रबर फुगते. एरंडेल त्याला मानवत होते. पुढे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आले आणि अमेरिकी वाहतूक खात्याने त्यांना डॉट ३, डॉट ४ अशी नावे दिली. कोरडे डॉट ४ निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये आणि पाणी मुरल्यावरही १५५ अंशांपर्यंत टिकावे, अशी अट. पाणी मुरणे गृहीतच धरलेले, कारण हा द्रव हवेतला दमटपणा शोषून घेतो. शिवाय रंग खातो. पेट्रोलच्या टाकीवर थेंब सांडून विसरलेला माणूस ते पुन्हा विसरत नाही.

दुसरी वाट सित्रोएनने दाखवली. १९५५ च्या डीएस मोटारीत सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि क्लच सगळेच द्रवाच्या दाबावर चाले. आधीचा द्रव ओल धरून आतले धातू गंजवू लागला, तेव्हा १९६६ च्या सुमारास कंपनीने हिरवे खनिज तेल आणले. मला कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे: नुसते तेल बदलून ती थांबली नाही. सील बदलले आणि नव्या व्यवस्थेचे सुटे भाग हिरवे रंगवले, म्हणजे मेकॅनिकने चुकीची बाटली उचलू नये. मोटारसायकलवाल्यांनी हे शहाणपण घेतले असते तर बरेच क्लच वाचले असते. कारण पुढे इथेही दोन घराणी पडली. जर्मन मागुराचा क्लच खनिज तेलावर चालणारा. केटीएमच्या ऑफ-रोड गाड्यांवर तो कित्येक वर्षे होता. मग त्याच केटीएमने ब्रेम्बोचा क्लच घेतला आणि तो डॉटवर गेला. लिव्हर दिसायला सारखीच, कंपनीही तीच, बाटली मात्र वेगळी.

चुकीची बाटली ओतली तर काय होते? डॉटसाठी बनवलेले सील ईपीडीएम रबराचे असते. खनिज तेलात ते फुगते. मास्टर सिलिंडरमध्ये द्रव टाकीत परतायला सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते. फुगलेले सील त्यावर बसले की इंजिनच्या उष्णतेने प्रसरण पावलेल्या द्रवाला वाटच उरत नाही. तो क्लच स्वतःच दाबत राहतो. लिव्हरला हात न लावता क्लच घसरतो आणि स्वार बिचारा प्लेटांना शिव्या घालतो. प्लेटा ज्या तेलात बुडालेल्या असतात ते गिअरबॉक्सचे तेल, त्याचा या द्रवाशी संबंध नाही. पण दुकानात दोन्ही ‘क्लचचे तेल’ म्हणून मागितले जाते आणि घोटाळा वाढतो.

डॉटवाल्यांपैकी डॉट ५.१ घेणारे बहुधा त्याच्या २६० अंशांच्या उत्कलनबिंदूवर भुलतात. ब्रेकसाठी ठीक आहे. क्लचचा द्रव घर्षणाने तापत नाही, त्याला इंजिनच्या शेजारची धग तेवढी लागते. माझ्या मते ५.१ चा खरा उपयोग थंडीत आहे: उणे ४० अंशांना डॉट ४ ला जेवढा दाटपणा चालतो, त्याच्या निम्माच याला चालतो. स्कॉटलंडच्या गारठलेल्या सकाळी लिव्हर झटकन परतते ती त्यामुळे. डॉट ५ हे नाव मात्र फसवे. ते सिलिकोन आहे. हवेचे बुडबुडे धरून ठेवते आणि ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. ट्रायल्समध्ये त्याचे काम नाही.

खनिज तेलाच्या क्लचमध्ये आज पुष्कळ स्वार सायकलच्या शिमानो ब्रेकचे लाल तेल घालतात. पातळ, सहज मिळणारे, आणि लिव्हरही हलकी होते. सायकलने मोटारसायकलला आधी करामती दिल्या, आता तेल दिले.

क्लचच्या द्रवाच्या टाकीच्या झाकणावर कोणता द्रव ते कोरलेले असते. पण तिसऱ्या मालकाकडून घेतलेल्या गाडीवर झाकण घासून गुळगुळीत झालेले असते, किंवा दुसऱ्याच गाडीचे बसवलेले. तेव्हा आतला एक थेंब पाण्याच्या पेल्यात सोडावा. विरघळला तर डॉट, तरंगला तर खनिज तेल. थोडा विरघळला आणि थोडा तरंगला, तर आधीच्या मालकाने दोन्ही ओतून पाहिलेले आहे, आणि बाटली विकत घेण्याआधी सीलचा संच मागवावा लागणार आहे.